विमान नौकेचं, जाकीट माणसाचं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानवाहू नौकांवरून लढलेल्या वैमानिकांना स्वतःचं असं विमान नसे. डेकवरचे खलाशी रात्रीतून विमानं दाटीवाटीने लावून ठेवत, आणि सकाळी रांगेत जे विमान समोर येईल ते घेऊन वैमानिक उडत. काल उडवलेलं विमान आज दुरुस्तीसाठी खालच्या हँगरमध्ये, उद्या दुसऱ्याच कुणाच्या हाती. फारच मोडलेलं असेल तर डेक मोकळा करायला ते सरळ समुद्रात ढकलून देत. जुनी ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा, म्हणजे २०१२ पर्यंत, जे तिच्या डेकवर चालून आले असतील, त्यांना जागेची ही ओढाताण वेगळी समजावून सांगायला नको. ती नौकाही त्याच युद्धातली. ब्रिटिशांनी १९४३ मध्ये ‘हर्क्युलिस’ नावाने ती बांधायला घेतली होती. अमेरिकेच्या एसेक्स वर्गातल्या नौका तिच्याहून बऱ्याच मोठ्या होत्या, पण त्यांच्यावर नव्वदच्या आसपास विमानं असत. त्यामुळे दाटी तिथेही कमी नव्हती.

एडवर्ड ओ’हेअरचं उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी १९४२ रोजी ‘लेक्सिंग्टन’ या नौकेवर जपानी बाँबफेकी विमानं चालून आली. जोडीदाराच्या मशीनगन अडकल्यामुळे ओ’हेअर एकटाच त्यांच्यावर तुटून पडला. पाच विमानं पाडल्याचं श्रेय त्याला मिळालं, देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, आणि पुढे शिकागोच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं गेलं. त्या दिवशी तो पंधरा क्रमांकाच्या वाइल्डकॅट विमानात होता. एप्रिलमध्ये त्याची आकाशातली छायाचित्रं काढली गेली, ती पुढे सगळीकडे छापून आली, आणि त्यांत तो तेरा क्रमांकाचं विमान उडवतो आहे. ज्या विमानाने त्याला नाव मिळवून दिलं, ते विमानही त्याचं नव्हतं.

या पुस्तकाचा विषय म्हणजे नौदलाच्या वैमानिकांची रंगवलेली चामडी जाकिटं. तो समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. इंग्लंडच्या तळांवरून जर्मनीवर जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांची रीत निराळी होती. ते हवाई दल लष्कराचं. तिथे दहा जणांचा एक चमू असे आणि बहुधा त्यांचं एक ठरलेलं विमान. विमानाला नाव असे, नाकाडावर चित्र असे, आणि तेच चित्र जाकिटाच्या पाठीवर उतरत असे. खाली प्रत्येक मोहिमेमागे एक याप्रमाणे बाँबच्या छोट्या आकृत्यांच्या रांगा. ‘मेम्फिस बेल’ सारखी नावं आपल्यापर्यंत पोचली ती याच रीतीमुळे. रंगवलेलं जाकीट म्हटलं की आजही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लष्कराचं ते ‘ए-२’ जाकीट येतं, पाठभर रंगवलेलं, लांबून वाचता येणारं.

नौदलाचं जाकीट तसं नाही. त्याची पाठ बहुधा कोरी असते. चित्र छातीवर, तळहातापेक्षा थोडं मोठं, गोल. ते विमानाचं नसतं, कारण विमान कुणाचंच नसतं. ते असतं स्क्वाड्रनचं. विमान बदलायचं, नौकाही बदलायची. टिकायची ती सोबत उडणारी तीसचाळीस माणसं. माणसाने आपण कुणाचे हे अंगावर धारण करायचं ठरवलं, तर नौदलात त्यासाठी हीच एक जागा उरत होती. लष्कराच्या जाकिटांची मोहिनी मला मान्य आहे. तरी नौदलाचा हा छोटा बिल्ला मला अधिक बोलका वाटतो, आणि हे पुस्तक त्या पक्षपातातूनच लिहिलेलं आहे.

आता जाकिटाकडे वळू. १९४० च्या सुमारास नौदलाने ‘एम-४२२’ या नावाने त्याचा नमुना ठरवला आणि लगेचच थोडा सुधारून ‘एम-४२२ए’ आणला. युद्धात सर्वाधिक दिसतं ते हेच. युद्धानंतर ‘जी-१’ हे नाव रूढ झालं, आणि किरकोळ फरकांनी ते जाकीट अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांना आजही दिलं जातं. लष्कराची जाकिटं बहुतकरून घोड्याच्या कातड्याची असत. नौदलाने शेळीचं कातडं निवडलं. बारीक दाणेदार, वजनाला हलकं, आणि चिवट. कॉलरवर मेंढीची लव असते, कातरून एकसारखी केलेली आणि तपकिरी रंगवलेली. पाठीला दोन्ही खांद्यांजवळ उभ्या चुण्या आणि काखेत जादा कातड्याची कळी, म्हणजे कॉकपिटमध्ये हात पुढे ताणला तरी जाकीट वर चढत नाही. मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. डाव्या खिशाच्या झाकणात पेन्सिल खोचायला एक चीर ठेवलेली असते. खाली फक्त पाणी, नौका तासातासाला जागा बदलणारी. परतीचा हिशेब मांडीवरच्या पाटीवर करायचा तर पेन्सिल हाताशी हवीच. कॉलर उलटून पाहिली की तिच्या पोटाशी पांढऱ्या छापाची अक्षरं दिसतात: यूएसएन. मालक सरकार. विलिस अँड गायगर, गॉर्डन अँड फर्ग्युसन, मोनार्क अशा कंपन्यांची नावं आतल्या चिठ्ठीवर सापडतात, आणि शिवणीच्या सवयींवरून जाणकार चिठ्ठी न वाचताही कंपनी ओळखतात.

या सरकारी मालावर चित्र कसं येई? कधी थेट कातड्यावर रंगवून. पण नौदलात अधिक प्रचार होता तो वेगळ्या चामड्याच्या चकतीवर चित्र काढून ती छातीवर शिवण्याचा. काही चकत्यांवर छपाई असे, काही बिल्ले कापडावर भरतकामाचे असत. रंगवणारा म्हणजे स्क्वाड्रनमधला किंवा नौकेवरचा जो कोणी बऱ्यापैकी चित्र काढे तो. रंग मिळतील ते: तैलरंग, इनॅमल, क्वचित विमानाच्या कापडावर मारायचं रोगण. मी जवळून पाहिलेल्या एका चकतीवर पांढऱ्या रंगाचा अस्तरथर आधी दिलेला होता, मगच वरचे रंग. एका बाजूला पॅराशूटचा पट्टा घासून घासून पोपडा उडाला होता. तिथे खालचं कातडं उघडं पडलेलं, आणि त्या कातड्यावर पेन्सिलीने काढलेल्या वर्तुळाची कड स्पष्ट दिसत होती. मध्यभागी, रंगाखाली दबलेलं, कंपासच्या टोकाचं भोक. बाहेरची पिवळी कड पावपर्यंत सरळ आली आहे आणि पुढे कुंचला किंचित थरथरला आहे. नौका हलली असेल, किंवा हात नवखा असेल. शेजारी सोनेरी ठशातल्या पंखांखाली नावाची चामडी पट्टी.

चित्रांच्या कल्पना मात्र सगळ्या हौशी हातांच्या नव्हत्या. युद्धकाळात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने सैन्याच्या निरनिराळ्या तुकड्यांसाठी सुमारे १,२०० चिन्हं फुकट काढून दिली. हँक पोर्टर हा त्या कामाचा प्रमुख चित्रकार. पत्र पाठवायचं, आपलं काम काय ते कळवायचं, आणि काही आठवड्यांनी रंगीत चित्र हाती येई. डोनाल्ड डकला सर्वाधिक मागणी होती, आणि त्यात नवल नाही. चिडका, भांडकुदळ, हरला तरी पुन्हा उभा राहणारा. वीस-बावीस वर्षांच्या वैमानिकांना शोभणारा गडी. माणसं मारायला आणि मरायला निघालेली ही पोरं छातीवर बदक, मांजर, डास, मेंढी घेऊन जात होती हे पाहून मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं होतं. पुढे जसजशी त्यांची वयं वाचत गेलो तसं ते अवघडलेपण गेलं. शाळेच्या वहीवर जे काढलं असतं तेच त्यांनी छातीवर काढलं; वही सोडून फार दिवस झालेच नव्हते.

फेलिक्स मांजराची गोष्ट तर संग्राहकाने पाठच करावी. हातात पेटत्या वातीचा बाँब घेऊन पळणारं हे मांजर ओ’हेअरच्या व्हीएफ-३ या स्क्वाड्रनचं. जुलै १९४३ मध्ये नौदलाने कारकुनी फेरबदलात व्हीएफ-३ आणि व्हीएफ-६ यांच्या क्रमांकांची अदलाबदल केली. माणसं तीच, क्रमांक उलटे. मग मांजर कुणाचं? माणसांचं की क्रमांकाचं? दोघांनीही हक्क सांगितला. वाद पुष्कळ लांबला, आणि आज ते मांजर व्हीएफए-३१ या स्क्वाड्रनच्या विमानांवर दिसतं. पण त्यामुळे फेलिक्स असलेलं जाकीट हाती आलं की ते व्हीएफ-३ चंच, असं म्हणून मोकळं होता येत नाही. मालकाचं नाव आणि तो कुठल्या महिन्यात कुठे होता, हे पाहावंच लागतं.

व्हीएफ-१७ ची तऱ्हा आणखी वेगळी. १९४३ च्या पहिल्या दिवशी उभी राहिलेली ही स्क्वाड्रन टॉमी ब्लॅकबर्नच्या हाताखाली होती आणि तिला कोर्सेअर विमानं मिळाली होती. कोर्सेअर म्हणजे समुद्री चाचे, म्हणून चिन्ह घेतलं चाच्यांचंच, कवटी आणि हाडं. लांब नाकाडाचं ते विमान नौकेवर उतरवणं अवघड. ‘बंकर हिल’ नौकेवरून त्यांना काढून सॉलोमन बेटांवरच्या ओंडोंगा इथल्या धावपट्टीवर धाडण्यात आलं. तिथे, जमिनीवर, विमानांच्या नाकाडावरही कवटी दिसते. जमिनीवरून उडणाऱ्या विमानांवर चित्र दिसतं, ही गोष्ट मला माझ्या म्हणण्याची साक्ष वाटते. नौदलाच्याच, पण जमिनीवरून उडणाऱ्या चार इंजिनांच्या गस्ती विमानांवरही लष्करासारखीच भलीमोठी चित्रं रंगवलेली आहेत.

मरीन दलाच्या व्हीएमएफ-२१४ चं नाव चित्रपट-मालिकांमुळे अधिक माहितीचं आहे. ग्रेगरी बॉयिंग्टनच्या वैमानिकांनी स्वतःसाठी निवडलेलं नाव वर्तमानपत्रांना छापता आलं नसतं, म्हणून ते ‘ब्लॅक शीप’ झाले. बॉयिंग्टन जानेवारी १९४४ मध्ये पाडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत राहिला. १९७६ मध्ये त्यांच्यावर दूरचित्रवाणी मालिका आली आणि काळ्या मेंढीचे बिल्ले घरोघरी झाले. त्यामुळे आज या स्क्वाड्रनचं म्हणून दाखवलेल्या जाकिटापुढे दुप्पट सावध राहावं लागतं.

एक जाकीट आपल्या अंगणापर्यंत आलेलं आहे. १९४१ मध्ये चीनच्या मदतीसाठी क्लेअर शेनॉल्टने जमवलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’मधल्या शंभरेक वैमानिकांपैकी साठाच्या आसपास नौदल आणि मरीन दलाचा राजीनामा देऊन आलेले होते. त्यांचं प्रशिक्षण ब्रह्मदेशात टाँगूला झालं. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर बाँब पडले तेव्हा ते त्या आकाशात लढत होते, आणि खाली त्याच शहरातून हिंदी माणसांचे लोंढे भारताच्या वाटेला लागले होते. या वैमानिकांच्या जाकिटांवर शिवलेलं कापड चित्राहून मोलाचं होतं: वर चिनी राष्ट्रध्वज, खाली चिनी लिपीत मजकूर, की हा परदेशी माणूस आपल्या युद्धात मदतीला आला आहे, सैनिकांनी आणि प्रजेने त्याला वाचवावं. पुढे अमेरिकन सैन्याची भारतात वर्दळ वाढली तशी इथल्या कारागिरांनी असे ध्वज आणि बिल्ले चामड्याचे रंगीत तुकडे कापून, एकमेकांत बसवून, शिवून दिले. रंगाचा थेंबही नाही, नुसतं कातरकाम आणि शिवण. संग्राहक आज ती भारतीय कारागिरी नजरेनेच ओळखतात. कारागिराचं नाव मात्र कुठल्याच बिल्ल्यावर नाही, याची मला फार रुखरुख आहे.

युद्धकाळातली नौदलाची रंगवलेली जाकिटं इतकी कमी का उरली, याची कारणं साधी आहेत. दक्षिण प्रशांत महासागरातली हवा दमट, उकाडा भयंकर. जाकीट पेटीत पडून राही आणि चामड्यावर बुरशी चढे. नौका बुडाली तर माणूस वाचे, सामान जाई. उडताना अंगावर पिवळं जीवरक्षक जाकीट आणि पॅराशूटचे पट्टे; म्हणजे चित्र झाकलेलंच, आणि वर घासलं जाणारं. युद्ध संपल्यावर मालकाने ते शिकारीला, मासेमारीला, गॅरेजमध्ये वापरून संपवलं. मुलाने कॉलेजात घातलं. लोकरीच्या पट्ट्या कसरीने खाल्ल्या. तेव्हा ते वापरायचं जाकीट होतं, जपायची वस्तू नव्हती, आणि मला यात काही वाईट वाटत नाही. पण १९८६ मध्ये ‘टॉप गन’ चित्रपट आला, टॉम क्रूझच्या अंगावरचं बिल्ल्यांनी भरलेलं जी-१ जगाने पाहिलं, आणि मागणी अशी वाढली की जुन्या कोऱ्या जाकिटांवर नवी चित्रं रंगवणारे हात तयार झाले.

त्यामुळे या छंदातलं खरं कौशल्य पारखण्यात आहे. १९४४ मध्ये रंगवलेलं चित्र चामड्याबरोबर म्हातारं झालेलं असतं. जिथे चामड्याला घडी पडली तिथेच रंगाला तडा गेलेला दिसतो, आणि भिंगाखाली त्या तड्याच्या दोन्ही कडा स्वच्छ तुटलेल्या असतात. जुन्या चामड्यावर काल लावलेला रंग तड्यात उतरतो, तिथे साचतो. ही एक गोष्ट डोळ्याने पक्की केली की अर्धे बनावट नमुने तिथेच गळतात. मग टाके. जुना दोरा सुती असतो, अतिनील दिव्याखाली निस्तेज; युद्धानंतर आलेले कृत्रिम धागे त्याच दिव्याखाली बहुधा झळाळून उठतात. मग बिल्ल्याभोवतीचं चामडं. आधी दुसरा बिल्ला असेल तर त्याच्या टाक्यांची भोकं आणि न विटलेला गोल उरतोच. चेन आणि लोकरीच्या पट्ट्या बदललेल्या असतील तर तो दोष मानू नये. वापरणाऱ्याने दुरुस्ती करणारच.

सगळ्यात मोठी पारख कागदाची. नावाच्या पट्टीवरून माणूस शोधायचा, त्याची उड्डाणवही, स्क्वाड्रनचा लढाईचा अहवाल, नौकेची हजेरीपत्रकं. इथे नौदलाच्या संग्राहकावर नशिबाने कृपा केलेली आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईस इथल्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि लष्कराच्या व हवाई दलाच्या सैनिकांच्या लक्षावधी नोंदी जळाल्या. नौदलाच्या नोंदी वाचल्या. म्हणून ए-२ जाकिटाच्या मालकाचा माग जिथे अडतो, तिथे एम-४२२ए चा माग बरेचदा पुढे जातो. सहा महिने पत्रव्यवहार करून एक नाव, एक नौका आणि एक तारीख एकमेकांशी जुळतात तेव्हा जो आनंद होतो, तो मला चित्राच्या आनंदाहून मोठा वाटतो.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. तेल, मेण, पॉलिश यांतलं काहीही लावू नका. चामडं मऊ होतं आणि रंगाची पकड सुटते. उन्हात ठेवू नका. तारेच्या हँगरला अडकवू नका, खांद्यांशी चामडं फाटतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने बंद कपाट म्हणजे बुरशीला निमंत्रण, त्यासाठी हवेतली आर्द्रता आटोक्यात ठेवणारं यंत्र घ्या. उडालेला रंग भरून काढायचा मोह होईल. तो आवराच.

आणि एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. बाजारात काही विक्रेते जाकिटावरचा बिल्ला उसवून वेगळा विकतात, नावाची पट्टी वेगळी, जाकीट वेगळं. तिन्हींची मिळून किंमत जास्त येते. हे कायदेशीर असेल. पण जाकीट, चित्र आणि नाव या तिघांनी मिळूनच तो माणूस उभा राहतो, आणि एकदा तिघांची फाटाफूट झाली की कुठल्याही दप्तरखान्यातून ती सांधता येत नाही. असे उसवलेले बिल्ले कितीही सुंदर असले तरी या पुस्तकात घेतलेले नाहीत.

पुढची प्रकरणं स्क्वाड्रनच्या क्रमांकाने नव्हे, नौकांप्रमाणे लावली आहेत. ज्यांची नावं लागली त्या जाकिटांसोबत मालकाची सेवानोंद जोडली आहे. कुटुंबीयांनी परवानगी दिली तिथेच नाव छापलं आहे. ज्यांची नावं लागली नाहीत ती जाकिटं शेवटच्या भागात आहेत. त्यांच्या प्रत्येक बिल्ल्याचं माप, दोऱ्याचा रंग, टाक्यांची संख्या आणि जुन्या भोकांची जागा छायाचित्राशेजारी दिली आहे, म्हणजे कुणाच्या घरच्या जुन्या फोटोत तेच जाकीट असेल तर ते जुळवून पाहता येईल.